पिण्याच्या शुद्ध पाण्यातलं तांबं: नेरूळच्या एका टाकीतला स्नोफ्लेक मोरे

१४ मेच्या संध्याकाळी औषधाची बाटली नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मासेटाकीशेजारी आणून ठेवलेली होती. टाकीत स्नोफ्लेक मोरे ईल, सापासारखा लांबट समुद्री मासा, लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, वीस दिवस उपाशी. अंगावर दुधाच्या सायीसारखी पांढुरकी बुळबुळ जमली होती आणि तोंडाची उघडझाप जोरात चालली होती. दुकानदाराने फोटो पाहून फोनवरच निदान केलं होतं की हा व्हाइट स्पॉट, म्हणजे परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आहे. बाटलीतलं औषध तांब्याच्या क्षारांचं होतं. ते टाकीत पडण्याआधी पाण्यातलं तांबं रंगावरून मोजायच्या किटने एकदा मोजून घेतलं, तेव्हा किटचा रंग ०.१ आणि ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर या दोन रेघांच्या मधोमध आला. व्हाइट स्पॉटवर साधं आयनिक तांबं वापरतात ते ०.१५ ते ०.२० या मात्रेत. म्हणजे जे औषध घालायचं होतं ते कोणीही न घालता टाकीत आधीच पोचलं होतं, आणि ईल आजारी होता तो त्यानेच. बाटली उघडली असती तर मात्रा दुप्पट झाली असती.

हे तांबं आलं कुठून, ते कळलं कसं आणि बाहेर कसं काढलं, हे इथे सविस्तर मांडलं आहे. घरोघरचे प्युरिफायर बदलत चालले आहेत, त्यामुळे हा प्रकार दुसऱ्या कुठल्याही घरात होऊ शकतो.

टाकी आणि प्राणी

टाकी १२० × ५० × ५० सेंटिमीटरची. खाली संप (गाळणीची दुसरी टाकी), त्यात मैला फेसाबरोबर काढणारा स्किमर आणि पाणी वर चढवणारा रिटर्न पंप. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर फिरतं पाणी २८० लिटर. खडक सगळा कोरडा, सिरॅमिकचा. जिवंत प्रवाळ एकही नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात. खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवून वाळू नंतर भरली होती. ईल खडकाखाली उकरतो आणि वाळूवर टेकलेला दगड त्याच्याच अंगावर बसतो, त्यामुळे हा क्रम चुकवू नये. लपायला दीड इंची पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एल्बो लावून खडकामागे. झाकण पूर्ण बंद, पाणी संपमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या दातांवर जाळी, वायर जाण्याच्या खाचेत स्पंज घट्ट बसवलेला. डोकं शिरेल त्या फटीतून मोरेचं सगळं शरीर बाहेर येतं, त्यामुळे ही कामं प्राणी घरी आणण्याच्या आधी व्हायला हवीत, आणि या घरात ती झाली होती.

स्नोफ्लेक म्हणजे एकिड्ना नेब्युलोसा. निसर्गात मीटरभर वाढल्याच्या नोंदी आहेत, टाकीत तो बहुधा साठ-सत्तर सेंटिमीटरवर थांबतो. आपल्या बाजारात वाम म्हणून मिळतो तो मासा वेगळ्या कुळातला. स्नोफ्लेकचे दात बोथट असतात, खेकड्याचं कवच फोडण्यासाठी घडलेले. नजर अधू, नाक तिखट. घशात जबड्यांची दुसरी जोडी असते, ती पुढे येऊन घास आत ओढते. मोरेंमधली ही रचना २००७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली, आणि याच स्नोफ्लेकला पाण्याबाहेरही घास गिळता येतो हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवर खेकडे धरणारा हा प्राणी आहे. काटक आहे, म्हणूनच तो खात नसला तरी त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

अंगावर खवले नसतात, असतो तो फक्त बुळबुळीचा थर. या थरामुळे व्हाइट स्पॉट मोरेला क्वचितच होतो. खवले नसल्यामुळेच तांब्याचं औषधही मोरेच्या टाकीत टाळतात. फोनवरच्या निदानात या दोन्ही गोष्टी सुटल्या होत्या.

आधी काय दिसलं होतं

ईल जानेवारीत आला आणि मार्चअखेरपर्यंत आठवड्यातून दोनदा व्यवस्थित खात होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टाकीतले हर्मिट खेकडे (रिकाम्या शंखात राहणारे) कमी दिसू लागले. घरच्यांनी धरून चाललं की ईलने खाल्ले असतील. स्नोफ्लेक हर्मिट खातोच, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. मग टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडू लागल्या. सरळ करून काचेला लावल्या तरी पाय पकड घेत नव्हता, तासाभरात पुन्हा खाली.

इथे एक खूण हाताशी होती. मेलेल्या हर्मिटचे शंख संपमध्ये आणि खडकाच्या सांदीत सापडले ते अखंड होते आणि खेकडा अर्धा बाहेर लोंबत होता. स्नोफ्लेकने मारलेला हर्मिट असा राहत नाही. तो ओढून काढतो, चुरडतो, पायांचे तुकडे वाळूवर विखुरतात. गोगलगायींच्या वाटेला तर तो सहसा जात नाही. कवचाचे प्राणी आधी गेले, मासा मागाहून आजारी पडला, हा क्रम दिसला की सगळ्यात आधी धातूचा संशय घ्यावा. तांबं माशाला त्रास देऊ लागण्याच्या कितीतरी आधी कवचवाल्यांना मारतं.

२४ एप्रिलपासून ईलने तोंड लावणं बंद केलं. दुकानात विचारलं तर उत्तर आलं, “अहो, ईल महिनाभर उपाशी राहतो. खाईल आपोआप, काळजी करू नका.” हे वाक्य अर्धं खरं आहे. स्नोफ्लेक खरोखरच कधी कधी तीन-चार आठवडे काही खात नाही आणि मग एका संध्याकाळी काही झालंच नाही अशा थाटात पाइपमधून बाहेर येतो. पण उपास आणि आजार वेगळे ओळखता येतात. उपास धरलेला ईल पाइपमध्येच असतो, कोळंबीचा वास आला की डोकं वळवतो, नाकाच्या नळ्या हलवतो आणि मग घास नाकारतो. डोक्यामागची मान भरलेली असते. या ईलने वासाकडे वळणंच सोडलं होतं. तांब्याने नाकाची संवेदना मंदावते हे गोड्या पाण्यातल्या माशांमध्ये स्पष्ट दिसलेलं आहे, आणि वासावर शिकार करणाऱ्या प्राण्याचं त्यात काय होत असेल हे समजण्यासारखं आहे. तो भर दुपारी उघड्यावर, वाळूवर पडून राहत होता. पाइपच्या तोंडाशी बुळबुळीचे दोरे लटकलेले होते, बोटभर लांब, प्रवाहात हलणारे.

मोरे तोंड उघडझाप करतो तो श्वासासाठी, त्यात धमकी नसते. त्यामुळे ही उघडझाप मोजता येते. फेब्रुवारीतला एक व्हिडिओ फोनमध्ये सापडला, त्यात मिनिटाला २२ वेळा होती. १४ मेला ४१. ईल ठणठणीत असतानाच त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवावा, तारखेसह. पुढे तुलना करायला यासारखं दुसरं काही नाही.

नेहमीचे संशयित

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट २५ च्या आसपास, पीएच ८.१, सापेक्ष घनता १.०२५. यातलं काहीच ईलला पाडणारं नव्हतं. तापमान दुपारी २९.५ पर्यंत जात होतं. ते जास्तच होतं, पण वीस दिवसांचा उपास आणि मेलेल्या गोगलगायी त्याने समजत नव्हत्या. टाकीत पितळेचा व्हॉल्व्ह नव्हता, पंपाचा चुंबक फुगलेला किंवा गंजलेला नव्हता, कुठलंही औषध आधी पडलेलं नव्हतं. मग राहिलं एकच, जे रोज टाकीत जात होतं ते पाणी.

नवा प्युरिफायर

नेरूळला पाणी येतं ते नवी मुंबई महापालिकेच्या मोरबे धरणाचं. नळाचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ९० च्या आसपास होता, आधीच्या जुन्या आरओमधून १२ येत होता. टाकीचं खारं पाणी त्यावरच तयार होई आणि वाफ होऊन घटलेल्या पाण्याची भरही त्यानेच. २० मार्चला जुना प्युरिफायर जाऊन नवा बसला. नव्याचा टीडीएस ४८ दिसला. ५० च्या आत आहे म्हणून कोणाला काही वाटलं नाही. नव्या यंत्रात मेम्ब्रेनच्या, म्हणजे क्षार गाळणाऱ्या पडद्याच्या, पुढे तांब्याचं कार्ट्रिज होतं. पिणाऱ्यांसाठी ती चांगली सोय म्हणून विकली जाते, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, दुसरा स्रोत नसेल तर तांब्याला १.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत मुभा आहे. माणसाला चालणारी ही मात्रा समुद्री टाकीला कित्येक पटींनी घातक ठरते.

टीडीएस मीटर पाण्यातली वीजवाहकता मोजतो. ४८ मध्ये कॅल्शियम किती, सोडियम किती, तांबं किती, हे तो सांगू शकत नाही. अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी तांबं त्या आकड्यात कुठेच दिसणार नाही. समुद्री टाकीसाठी टीडीएसचा एकच आकडा विश्वासाचा असतो, तो म्हणजे शून्य.

टाकीचं पाणी तपासायला देण्यापेक्षा प्युरिफायरचं पाणी देणं जास्त उपयोगाचं. समुद्राच्या पाण्यातला मिठाचा ढीग धातूंच्या तपासणीत अडथळा आणतो, गोड्या पाण्यात तो प्रश्न नसतो आणि आकडा स्वच्छ मिळतो. नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. धातू तपासायचे आहेत असं सांगून बाटली त्यांच्याकडूनच घ्यावी. दोन नमुने दिले. मेम्ब्रेनमधून थेट निघालेल्या पाण्यात तांबं आढळलं नाही. कार्ट्रिजनंतरच्या, नळातून पेल्यात येणाऱ्या पाण्यात ०.३२ मिलिग्रॅम प्रति लिटर.

आता उन्हाळ्याचा भाग. चिलर नसल्याने मार्चपासून टाकीवर आणि संपवर मिळून दोन पंखे चालू होते. पंख्याने पाणी दोन-अडीच अंश उतरतं, पण बदल्यात वाफ होते, इथे रोज ५ लिटर. वाफेबरोबर फक्त पाणी जातं. मीठ राहतं, तांबंही राहतं. ५ लिटर भर म्हणजे रोज १.६ मिलिग्रॅम तांबं, ५५ दिवसांत ८८. पाणीबदल चार, प्रत्येकी ४० लिटर, म्हणजे आणखी ५१. यातला चौथा बदल ईल खात नाही म्हणून काळजीपोटी केलेला जास्तीचा होता, आणि त्याने भर विषाचीच पडली. एकूण सुमारे १४० मिलिग्रॅम टाकीत शिरलं. पाण्यात मोजलं गेलं ०.१५ च्या हिशोबाने ४२. थोडंफार काढलेल्या पाण्याबरोबर आणि स्किमरच्या कपातून बाहेर गेलं असेल, उरलेलं खडक, वाळू आणि गाळ यांनी धरून ठेवलं होतं. पुढचं सगळं काम या न दिसणाऱ्या हिश्शाने लांबवलं.

पंखे ही कोरड्या हवेत चालणारी सोय आहे. आपल्याकडे जूनमध्ये हवा दमट झाली की वाफ फारशी होत नाही, पाणी फारसं थंड होत नाही, आणि मे महिन्यातही मिळतो तो फायदा भरीच्या पाण्याच्या शुद्धतेवर टांगलेला असतो.

ईल बाहेर काढणं

१४ मेच्याच रात्री शंभर लिटरचा झाकणाचा टब तयार झाला. पाणी: मेम्ब्रेनमधून थेट काढलेलं, उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेलं, टीडीएस ०. लिटरला ३७ ग्रॅमच्या हिशोबाने मीठ, रात्रभर पंप आणि एअरस्टोन चालू ठेवून विरघळवलं. घनता १.०२५, टाकीइतकीच. टब एसीच्या खोलीत ठेवला, पाणी २६ अंशांवर राहिलं. स्पंज फिल्टर ओळखीच्या दुसऱ्या निरोगी टाकीतून आणला. जुन्या टाकीतला स्पंज वापरला असता तर तांबं त्याच्याबरोबर टबात आलं असतं.

सकाळी ईल पकडला तो जाळ्याने नाही. जाळ्यात बुळबुळ खरवडून निघते, आणि या ईलजवळ तीच एक ढाल उरली होती. एल्बो काढून पाइपचं एक टोक भोकं पाडलेल्या कॅपने बंद केलं, दुसरं टोक ईलच्या डोक्यासमोर धरलं. मागून लाकडी काठी नुसती जवळ नेली, टोचली नाही. चार मिनिटांत तो आत सरकला. दुसरी कॅप लावली, पाइप आडवा ठेवूनच उचलला, बादलीत एक तास थेंबथेंब नवं पाणी सोडलं, मग पाइपसकट टबात. झाकणावर दोन विटा. आजारी मोरेही उडी मारतो.

पहिला आठवडा रोज अमोनिया तपासला आणि दिवसाआड ३० लिटर पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी बुळबुळीचे दोरे थांबले. पाचव्या दिवशी श्वास मिनिटाला ३० वर आला. खायला देण्याची घाई केली नाही. न खाल्लेला तुकडा टबात सडला तर अमोनिया चढतो, आणि कल्ले दुखावलेल्या माशाला तो सहन होत नाही.

नवव्या दिवशी, २३ मेला, दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून जिवंत तिसऱ्या (शिंपल्या) आणल्या. पहिल्या घासाला कोळंबी टाळली, कारण बाजारातल्या कोळंबीवर काळी पडू नये म्हणून कधी कधी सल्फाइट मारलेलं असतं. दोन तिसऱ्या फोडून आतलं पाणी चमच्याभर पाइपच्या तोंडाशी सोडलं आणि खोलीतला दिवा मालवला. मिनिटभराने पिवळ्या नळ्यांचं नाक बाहेर आलं, डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. लांब चिमट्यात तिसरीच्या मांसाचा नखाएवढा तुकडा होता. पहिला झटका हुकला, चिमट्याला दात लागले. दुसऱ्यात तुकडा पकडला गेला, मान एकदा फुगली, आणि मांस दिसेनासं झालं. त्या रात्री तेवढंच दिलं. पोट रिकामं राहिलेल्या ईलला एकदम भरवलं तर तो ओकतो.

टाकी धुऊन काढणं

तांब्याच्या कामात सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे. ३० टक्क्यांचे तीन पाणीबदल केले, प्रत्येकी ८४ लिटर. कागदावर ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे मूळच्या ३४ टक्के उरायला हवं. किटचा रंगही ०.१ च्या खाली उतरला. आठवड्याने पुन्हा तपासलं तर रंग परत ०.१ च्या रेघेवर. खडक आणि वाळू धरलेलं तांबं हळूहळू परत देत होते. पहिल्या आकड्यावर समाधान मानून ईल परत सोडला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून वाळू पूर्ण काढून टाकली, गाळासकट. ती धुऊन पुन्हा वापरण्यात अर्थ नव्हता. खडक ठेवले. संपमध्ये तांबं ओढणारं क्युप्रिसॉर्ब रेझिन पिशवीत घालून पाण्याच्या धारेखाली ठेवलं, सोबत २५० ग्रॅम ॲक्टिव्हेटेड कार्बन. एकट्या कार्बनवर भिस्त ठेवू नये, तांब्यासाठी तो अपुरा पडतो. रेझिनचे दाणे दहा दिवसांत गडद झाले, बदलले. दुसरी खेप गडद व्हायला तीन आठवडे लागले, यावरून सुटणारं तांबं कमी होत असल्याचं कळलं.

किटचा रंग वाचताना दोन नळ्या घ्याव्यात. एकीत टाकीचं पाणी आणि रसायन, दुसरीत टाकीचं नुसतं पाणी. दोन्ही पांढऱ्या कागदावर, दिवसाउजेडी, वरून खाली पाहायच्या. ट्यूबलाइटखाली फिकट छटा हरवते. जूनच्या मध्यापासून दोन्ही नळ्या सारख्या दिसू लागल्या. त्यानंतर आठवडाभर थांबून दोन टर्बो सोडले. दहा दिवसांनी दोघेही काचेवर होते, पकड घट्ट. मगच ईल टाकीत परतला.

पाण्याची नवी सोय

प्युरिफायर फेकायची गरज पडली नाही. मेम्ब्रेनच्या बाहेर, टीडीएस ॲडजस्टर आणि तांब्याच्या कार्ट्रिजच्या आधी, पाव इंची टी जॉइंट टाकून वेगळी नळी काढली. ती डीआय रेझिनच्या उभ्या हाउसिंगमधून ड्रमात जाते, शेवटी मीटर. मीटरने १ दाखवलं की रेझिन बदलायचं. ड्रम फूड ग्रेड प्लास्टिकचा, जोड सगळे प्लास्टिकचे, पितळ कुठेही नाही. पंख्यांच्या जागी पाव एचपीचा चिलर आला. घेताना कॉइल टायटॅनियमची आहे ना हे लेखी विचारून घेतलं. ओळखीच्या मेकॅनिककडून वॉटर कूलरचा चिलर करून घेण्याची पद्धत इकडे आहे, आणि त्यात तांब्याची कॉइल थेट खाऱ्या पाण्यात बसते. चिलर असा कधीही करून घेऊ नये. कोणी सुचवलं होतं म्हणून सांगायला हवं, ठाणे खाडीचं पाणी आणणं हाही पर्याय नाही. ते गढूळ, निमखारं आणि सांडपाणी मिसळलेलं असतं.

आता ईल आठवड्यातून दोनदा खातो, एका वेळी त्याच्या डोक्यापेक्षा लहान चार-पाच तुकडे. कवचासकट कोळंबी, माकूळ, तिसऱ्या, आणि अधूनमधून चिंबोरीचा पाय, जो फोडायला त्याचे दात घडलेत. कच्च्या कोळंबीत आणि शिंपल्यांत थायमिनेझ असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, आणि फ्रीजरमध्ये ठेवून ते नष्ट होत नाही. म्हणून दर तिसऱ्या खेपेला तिलापियाचा तुकडा, आणि महिन्यातून दोनदा कुटलेली बी-१ ची चिमूट मांसात दाबून.

खडकात अजून थोडं तांबं असणारच. आम्ल पाण्यात ते लवकर सुटतं, म्हणून पीएच ८ च्या खाली जाऊ न देणं आणि हे खडक कधीही व्हिनेगरने न धुणं, एवढी दोन बंधनं या टाकीला कायमची आहेत. रेझिनची पिशवी संपमध्ये तशीच आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी खिडकीशी दोन नळ्या कागदावर ठेवल्या जातात.